बिनविरोध निवडून आलेले हार्म बोलहाउस

चोवीस वर्षांत हार्म बोलहाउस यांनी आपल्या गावच्या नगरपरिषदेत दोनशे चौदा ठराव मांडले आणि त्यांतले दोनशे तेरा हरले. उरलेला एक मंजूर झाला, तोही अपघातानं. मतदानाच्या वेळी सत्ताधारी मंडळी शेजारच्या खोलीत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापायला गेली होती. परत येऊन बघतात तो ठराव पास! हार्मना त्या विजयाची इतकी लाज वाटली, की पुढच्याच सभेत त्यांनी तो रद्द करावा असा ठराव मांडला. तो हरला.

हे गाव नेदरलँड्सच्या पार ईशान्य कोपऱ्यात, ग्रोनिंगन प्रांतात. तिथं पूर्वी गव्हाच्या काडापासून पुठ्ठा करायचे कारखाने होते. हार्मचे आजोबा पुठ्ठ्यात, वडील पुठ्ठ्यात, आणि सोळाव्या वर्षी हार्मही पुठ्ठ्यात. सतराव्या वर्षी पहिला संप. पुढं कारखाने बंद पडले, हार्म पोस्टमन झाले, पण संपाची चव जिभेवर राहिली ती राहिलीच. १९९४ साली ‘श्रमिक एकजूट’ नावाच्या कडक डाव्या पक्षातर्फे ते नगरपरिषदेवर निवडून आले. पक्षाचे चार सभासद निवडून आले होते. चार वर्षांत एकजुटीत फूट पडून दोन उरले, आणखी चार वर्षांनी एक. त्या एकट्या सभासदाच्या पक्षाची बैठक दर सोमवारी स्वयंपाकघरात भरायची. हार्म अध्यक्ष, त्यांची बायको ट्राइन चिटणीस. इतिवृत्त लिहिलं जायचं, वाचलं जायचं, त्यावर दुरुस्त्या यायच्या.

मग गावाबाहेर पवनचक्क्या उभारायचा प्रश्न आला. हार्मचा पाठिंबा होता. ट्राइनचाही होता. पण दोघांची कारणं वेगळी होती, आणि डाव्या चळवळीत विरोधापेक्षा वेगळ्या कारणांनी दिलेला पाठिंबा जास्त जिव्हारी लागतो. ट्राइननं राजीनामा दिला आणि स्वतःचा पक्ष काढला. घर एक, पलंग एक, पक्ष दोन. २०१८च्या निवडणुकीत दोघंही उभे राहिले, मतं फुटली आणि दोघंही पडले. निकालाच्या दिवशी दोघांनी एकाच मोटारीतून घरी येताना एकमेकांचं सांत्वन केलं. त्याच हिवाळ्यात ट्राइन गेली. न्यूमोनिया झाला होता, आठ दिवसांत खेळ आटोपला.

पुढच्या वसंतात हार्म इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या वॉटफर्डला मुलीकडं आले. लीस्बेत त्यांची एकुलती एक. तिनं मिहीरशी लग्न केलेलं. मिहीर वॉटफर्डमध्येच जन्मलेला, फिजिओथेरपिस्ट. त्याचे आईवडील, डॉक्टर गिरीश आणि डॉक्टर सुप्रभा, तिथून दोन गल्ल्या सोडून राहत. गिरीश भूलतज्ज्ञ, सुप्रभा मुलांच्या डॉक्टर, दोघंही निवृत्त. हार्मनी लीस्बेतच्या घराजवळच एक छोटा फ्लॅट भाड्यानं घेतला.

इंग्लंडमध्ये पहिला त्रास नावाचा झाला. हार्म म्हणजे इंग्रजीत इजा. सर्जरीत, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, नाव नोंदवायला गेले. काचेमागच्या बाईंनी विचारलं, काय त्रास होतोय? हे म्हणाले, ‘‘हार्म.’’ तिनं आवाज मऊ केला. ‘‘स्वतःला, की दुसऱ्या कुणाला?’’ वीस मिनिटांनी सुप्रभाताईंना फोन करून सोडवणूक करून घ्यावी लागली.

मराठी माणसांना मात्र ‘हार्म’ची काही अडचण नव्हती. त्यांनी आडनाव पकडलं. बोलहाउसचं दोन महिन्यांत ‘बोलहौस’ झालं, आणि माणूस बोलायला लागला की पाऊण तास थांबायचा नाही, त्यामुळं नाव शोभूनही दिसायला लागलं.

मराठी त्यांना सुप्रभाताईंनी शिकवलं. लॉकडाउनमध्ये रोज सकाळी अकराला फोनवर एक तास. हार्म पोस्टमनच्या शिस्तीनं शिकले. तो, ती, ते या त्रिकुटापाशी इथं जन्मलेली मुलं हमखास घसरतात. मिहीर तर चाळिशीला आला तरी ‘माझी घर’ आणि ‘तो गाडी’ म्हणायचा. हार्मना ‘ते’ लगेच समजलं. ‘‘हे तर आमचं ‘हेट’!’’ ते आनंदानं ओरडले. ‘‘हेट हाउस, ते घर. विहीणबाई, आपण नातेवाईक आहोत!’’

‘‘ते आपण तसेही आहोत, व्याही,’’ सुप्रभाताई म्हणाल्या.

गिरीशरावांचा जीव होता मंडळात. वॉटफर्डच्या कोल्न नदीवरून नाव घेतलेलं कोल्नकाठ मराठी मंडळ, स्थापना १९८१, सभासद दीडशेच्या आसपास. कुटुंबाचं सभासदत्व घेताना त्यांनी फॉर्मवर हार्मचंही नाव घातलं होतं, का, तर व्याह्यांना जेवायला तरी येता येईल. आणि या मंडळात त्या सुमारास यादवी माजली होती.

एका बाजूला तिथीवाले, दुसऱ्या बाजूला शनिवारवाले. तिथीवाले म्हणजे बहुतेक निवृत्त डॉक्टर. सण ज्या दिवशी येतो त्या दिवशीच व्हायला हवा, मग तो मंगळवार असो की गुरुवार. शनिवारवाले म्हणजे नोकरीतली माणसं. त्यांची पुढारी रश्मी. रोज रीडिंग नावाच्या गावी नोकरीसाठी जाऊन-येऊन करणारी, एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्या वर्षी, २०२४ साली, गुढीपाडवा मंगळवारी आला, गिरीशरावांनी तो मंगळवारीच केला, आणि हॉलमध्ये गुढीसकट एकोणीसजण होते.

‘‘गिरीशकाका, मंगळवारी मी अॅन्युअल लीव्ह कुठून काढू?’’ रश्मी म्हणाली. ‘‘आमच्या नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह होतं त्या दिवशी.’’

‘‘अगं, पाडवा तुझ्या गो-लाइव्हला विचारून येतो का? उद्या म्हणशील, बाळाचा जन्मसुद्धा वीकेंडलाच व्हायला हवा.’’

‘‘झाला तर बरंच होईल. निदान एक लीव्ह तरी वाचेल.’’

मे महिन्यातल्या वार्षिक सभेत अध्यक्षपदासाठी दोघंही उभे राहिले. एकशे तेवीस माणसं हजर होती, मतदान गुप्त. कार्यवाह सतीश यांनी चिठ्ठ्या मोजल्या. गिरीशना एकसष्ट, रश्मीला एकसष्ट. एक चिठ्ठी बाद. तिच्यावर कुणीतरी सुवाच्य देवनागरीत लिहिलं होतं, ‘दोन्ही पर्याय अपुरे आहेत. कामगारांचा शनिवार आणि पेन्शनरांचा मंगळवार यांत भांडण लावून देणारी व्यवस्थाच तपासायला हवी. (मागे पाहावे.)’ मागेही मजकूर होता.

तीनदा मतदान झालं. तिन्ही वेळा एकसष्ट, एकसष्ट, आणि एक निबंध.

चहाचा थर्मास संपला. हॉल पाच वाजता स्काउटच्या मुलांना द्यायचा होता. तेव्हा सुप्रभाताई उभ्या राहिल्या. त्या मंडळाच्या सभेत सहसा तोंड उघडत नसत. ‘‘तुम्हा दोघांनाही ज्यानं मत दिलं नाही, असा एकच माणूस या हॉलमध्ये आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग त्यालाच करा अध्यक्ष. आणि आवरा, स्काउटची पोरं दारात उभी आहेत.’’

गिरीशराव आणि रश्मीनं एकमेकांकडं पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, समोरचा अध्यक्ष होऊ नये. दोघांनी अर्ज मागं घेतले. सतीशनी जाहीर केलं, ‘‘श्री. हार्म बोलहाउस, बिनविरोध.’’

टाळ्या पडल्या. हार्म खुर्चीत बसूनच राहिले. त्यांनी सतीशना खूण करून जवळ बोलावलं.

‘‘फेरमोजणी करा,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘अहो, मोजायला काही नाहीच. बिनविरोध म्हणजे मतदानच झालं नाही.’’

‘‘मग मी जिंकलो, हे सिद्ध कसं होणार?’’

‘‘सिद्ध करायची गरज नसते. दोन शब्द बोला, तेवढं झालं की निघू.’’

आता अडचण अशी, की हार्मना निवडणुकीनंतरचं एकच भाषण येत होतं. सात निवडणुका आणि दोनशे तेरा ठरावांच्या सरावानं ते त्यांच्या तोंडात बसलं होतं. ते माइकपाशी गेले, घसा साफ केला आणि मराठीत म्हणाले, ‘‘मित्रहो, निकाल आपल्या बाजूनं लागलेला नाही. हा पराभव कटू आहे. पण लढा संपलेला नाही. आज जे सत्तेवर बसले आहेत, त्यांना आम्ही शांत झोपू देणार नाही!’’

पहिल्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, ‘‘किती विनयशील माणूस आहे.’’

त्या संध्याकाळी गिरीशराव घुश्शात वरच्या मजल्यावर क्रिकेट बघत बसले. सुप्रभाताईंनी हार्मना आमटी-भात वाढला. ते बराच वेळ चमचा हातात धरून बसले होते.

‘‘ट्राइनताई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?’’ ताईंनी विचारलं.

‘‘ती म्हणाली असती, पुन्हा मोजा,’’ हार्म म्हणाले. आणि मग पहिल्यांदाच थोडेसे हसले.

कारभार सुरू झाला. हार्मनी पहिल्याच बैठकीला डच पद्धत आणली. समुद्रसपाटीच्या खाली राहणाऱ्या माणसांची ती जुनी रीत आहे, बांध सगळ्यांचा, म्हणून सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसायचं. हार्मचा अंदाज होता, पहिला विषय चार तास चालेल. विषय होता साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट घालावं की अॅलर्जीसाठी वेगळं ठेवावं. त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या, मग तिसरीही मांडली, आणि सभेला मत विचारलं.

‘‘हरकत नाही,’’ सगळे म्हणाले.

‘‘कशाला हरकत नाही?’’

‘‘तुम्ही म्हणाल त्याला.’’

बैठक चाळीस सेकंदांत संपली. सगळ्यांना घरी जायचं होतं. भांडण होतं ते अध्यक्ष कोण यावर. अध्यक्ष काय करतो, याच्याशी कुणाला फारसं देणंघेणं नव्हतं.

हार्मची झोप उडाली. आयुष्यभर ते भिंतीला टेकून ढकलत आले होते, आणि आता भिंतच कुणी काढून नेली होती. पुढच्या बैठकीत त्यांनी मुद्दाम ठराव मांडला, की अध्यक्षांची खुर्ची काढून टाकावी. ‘‘हरकत नाही.’’ दोन बैठका त्यांनी उभ्यानं चालवल्या. गुडघा दुखायला लागला तेव्हा खुर्ची परत आणण्याचा ठराव मांडला. ‘‘हरकत नाही.’’

मग त्यांनी जुलैच्या कार्यक्रमासाठी असं काही सुचवलं, की कुठल्याही शुद्धीतल्या माणसानं उठून ओरडायला हवं होतं. विषय, पुठ्ठा कारखान्यांतील कामगारांचा लढा. वक्ते, स्वतः अध्यक्ष. वेळ, एक तास. भाषा, डच.

मंजूर. एकमतानं.

आणि भाषण झालंही. नव्वद माणसं आली, कारण नंतर बटाटेवडे होते. हार्मनी पहिली दहा मिनिटं वाट पाहिली, कुणीतरी उठून जाईल. कुणी उठलं नाही. विसाव्या मिनिटाला ते घसरले आणि खरोखरच मनापासून बोलायला लागले, वडिलांच्या फुटलेल्या हातांबद्दल, काडाच्या कुजक्या वासाबद्दल, पहिल्या संपात आईनं वाटलेल्या वाटाण्याच्या सूपबद्दल. सभागृहात लीस्बेत सोडून एकालाही शब्द कळत नव्हता, आणि ती रडत होती. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. एक बाई येऊन म्हणाल्या, ‘‘फार ओघवतं बोलता हो तुम्ही.’’

‘‘आपल्याला समजलं?’’

‘‘छे! पण किती ओघवतं!’’

खरा विरोध फक्त एकदा झाला, आणि तो ठरावाला नव्हता. हार्मनी बैठक आपल्या फ्लॅटवर बोलावली होती. कॉफी आली, बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकानं एकेक घेतलं आणि हार्मनी झाकण लावून डबा कपाटात ठेवून दिला. त्यांच्या गावाकडं तशीच पद्धत. कॉफीबरोबर एक बिस्कीट म्हणजे एक बिस्कीट. मंडळी कपाटाकडं बघत राहिली. रश्मीनं गिरीशरावांकडं पाहिलं. मेमधल्या सभेनंतर पहिल्यांदाच.

‘‘व्याही,’’ गिरीशराव म्हणाले, ‘‘पाहुण्यांसमोर डबा बंद करायची आमच्यात रीत नाही.’’

‘‘म्हणजे आपली हरकत आहे?’’ हार्मचा चेहरा उजळला.

‘‘हरकत म्हणजे... आहे!’’

‘‘लेखी द्याल?’’

लेखी कुणी दिलं नाही. सुप्रभाताईंनी उठून कपाटातून डबा काढला आणि प्रकरण तिथंच विझलं. हार्म मात्र दोन दिवस खुशीत होते.

ऑगस्टपर्यंत त्यांना कळून चुकलं, की विरोधक हवा असेल तर तो घरचाच बनवावा लागणार. पुढच्या बैठकीत त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक रिकामी खुर्ची ठेवली. अध्यक्ष म्हणून अहवाल वाचला, मग उठून चालत त्या खुर्चीकडं गेले, बसले, चष्मा बदलला आणि कडाडले, ‘‘अध्यक्षमहाराज! हॉलच्या खिडक्या उघडत नाहीत हे आपल्याला कधीपासून माहीत होतं?’’

उठले, परत आले, पहिला चष्मा लावला. ‘‘सन्माननीय सदस्यांनी हा प्रश्न वेळेवर विचारला असता तर बरं झालं असतं.’’

पुन्हा तिकडं. ‘‘शेम! शेम!’’

सतीशनी इतिवृत्तात दोघांचीही भाषणं घेतली. बातमी पसरली. बैठकीला पूर्वी सातजण यायचे, ते आता चाळीस यायला लागले. काहीजण विरोधी खुर्चीच्या बाजूला बसत, काही अध्यक्षांच्या. लीस्बेतनं एकदा काळजीनं सासूला विचारलं, बाबांना डॉक्टरकडं न्यायला हवं का? सुप्रभाताई म्हणाल्या, ‘‘मी डॉक्टरच आहे. रक्तदाब नॉर्मल आहे, भूक वाढली आहे. राहू दे.’’

आणि मग गणपती आले.

त्या वर्षी भाद्रपद शुद्ध चतुर्थी आली सात सप्टेंबरला. सात सप्टेंबरला शनिवार होता.

कुणालाही वाटेल, सुटलो! तिथीही तीच, शनिवारही तोच, भांडणाला जागाच उरली नाही. पण दोन्ही पक्षांच्या पायाखालची वाळू सरकली. तिथीवाले म्हणाले, उत्सव तिथीला होतोय, म्हणजे आम्ही जिंकलो, तसं निमंत्रणात छापा. शनिवारवाले म्हणाले, उत्सव शनिवारी होतोय, तसं छापा. ‘शनिवार, भाद्रपद शुद्ध चतुर्थी’ असं छापलं तर शनिवार आधी येतो, उलट छापलं तर तिथी आधी येते. गिरीशरावांनी निरोप पाठवला, शनिवार आधी आला तर तिथीवाले घरी आपापला गणपती करतील. रश्मीनं लिहिलं, चतुर्थी आधी आली तर आम्ही त्या दिवशी बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळात जाऊ, तिथं कुणी असलं काही विचारत नाही.

सतीशचा दुपारी फोन आला. छापणारा थांबला होता, एका तासात मजकूर हवा होता. हार्म म्हणाले, सर्वांना बोलवा, चर्चा करू. सतीश म्हणाले, ‘‘सगळे ऑफिसात आहेत आणि उरलेले दुपारचे झोपलेत. हार्मकाका, प्लीज, तुम्हीच काय ते ठरवा.’’

आणि हार्मनी ठरवलं. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणालाही न विचारता, एकट्यानं, सत्तेच्या जोरावर एक निर्णय घेतला. दोन निमंत्रणं छापली. एकावर फक्त तिथी, दुसऱ्यावर फक्त शनिवार. हॉल तोच, वेळ तीच, सकाळी अकरा, मोदकही तेच.

फोन ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. त्यांनी सुप्रभाताईंना फोन केला. ‘‘विहीणबाई, मी हुकूमशहा झालो.’’

‘‘जेवलात का?’’ त्यांनी विचारलं.

सात तारखेला सकाळी ऊन पडलं होतं. तिथीवाले पुढच्या दारानं आले, शनिवारवाले कार पार्ककडच्या दारानं. डावीकडं हे बसले, उजवीकडं ते, मधे गणपती. अकरा वाजले. आरती कुणी सुरू करायची? गिरीशराव म्हणाले, तिथीची पूजा आहे, तिथीवाल्यांनी. रश्मी म्हणाली, अकराची वेळ शनिवारच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत आहे. सव्वाअकरा झाले. मोदक निवायला लागले.

‘‘अध्यक्षांना विचारा,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘अध्यक्ष कुठं आहेत?’’

‘‘बाहेर.’’

‘‘बाहेर काय करताहेत?’’

दाराशी उभ्या असलेल्या सतीशनी मान वळवून पाहिलं. ‘‘निषेध,’’ ते म्हणाले.

हार्म फुटपाथवर उभे होते. कोटाला जुन्या युनियनचा बिल्ला, हातात फलक. फलकाच्या पुठ्ठ्यावर त्यांचा आठवडा गेला होता. तीन दुकानांतली खोकी त्यांनी बोटानं वाजवून पाहिली होती, आतल्या पन्हळी उभ्या जातील असा तुकडा कापला होता, आडव्या गेल्या तर वाऱ्यात फलक मोडतो. त्यावर लाल रंगात लिहिलं होतं, ‘मनमानी करणाऱ्या अध्यक्षांचा धिक्कार असो!’ आणि खाली लहान अक्षरांत, ‘दोन निमंत्रणे छापण्याचा निर्णय कोणाला विचारून घेतला?’

दोन्ही बाजू दोन्ही दारांनी बाहेर आल्या आणि फलक वाचू लागल्या. 

‘‘पण खरंच आहे हो,’’ गिरीशराव म्हणाले. ‘‘दोन कार्डं काढणं हा काय प्रकार? आम्हाला काय लहान मुलं समजता?’’

‘‘एग्झॅक्टली!’’ रश्मी म्हणाली. ‘‘आम्हाला कन्सल्ट करायला नको?’’

‘‘हेच तर मी म्हणतोय!’’ हार्म गरजले. ‘‘सामील व्हा!’’

आणि माणसं सामील झाली. रेशमी साड्या, झब्बे, पैठण्या फुटपाथवर ओळीनं उभ्या राहिल्या. ढोल-ताशावाले मिरवणुकीसाठी आलेलेच होते, त्यांनी ताल धरला. ‘‘अध्यक्षांचा धिक्कार असो!’’ हार्म ओरडत. ‘‘असो, असो!’’ दीडशे लोक म्हणत. समोरच्या घरातल्या कुणीतरी फोन केला असावा, कारण दहा मिनिटांत एक तरुण पोलीस ऑफिसर सायकलवरून आला.

‘‘इथं इन्चार्ज कोण आहे?’’ त्यानं विचारलं.

‘‘मी,’’ हार्म म्हणाले.

‘‘आणि हा निषेध कुणाविरुद्ध आहे, सर?’’

‘‘माझ्याविरुद्ध.’’

ऑफिसरनं वही बाहेर काढली, मग परत खिशात ठेवली. ‘‘तुमचं नाव काय?’’

‘‘हार्म.’’

‘‘कुणाला?’’ ऑफिसर दचकून म्हणाला, आणि त्याचा हात खांद्यावरच्या रेडिओकडं गेला.

सुप्रभाताई पुढं झाल्या. याची त्यांना आता सवय होती. सगळं समजावून सांगून झाल्यावर ऑफिसर म्हणाला, निषेध करायला काही हरकत नाही, पण फुटपाथ अडतोय, प्रॅमवाल्यांना रस्त्यावर उतरावं लागतंय. तुमच्याकडं हॉल आहे ना? मग आत जाऊन करा.

कायदा म्हणजे कायदा. सगळे एकाच दारानं, घोषणा देत, ढोल वाजवत आत गेले. आत गेल्यावर समोर गणपती, हातात टाळ, ढोलाचा ताल चालूच. धिक्काराची कधी आरती झाली हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. कुणी सुरू केली यावर आजही दोन मतं आहेत, पण पोलिसांनी आत पाठवल्यामुळं झाली यावर एकमत आहे.

जेवताना गिरीशराव ताट घेऊन हार्मच्या शेजारी येऊन बसले. मेपासून त्यांनी व्याह्यांशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. त्यांनी आपल्या ताटातला एक मोदक उचलून हार्मच्या ताटात ठेवला, वर तुपाची धार सोडली.

‘‘एकच?’’ हार्म म्हणाले.

‘‘वा! आलात लायनीवर,’’ गिरीशराव म्हणाले आणि आणखी दोन ठेवले.

थोड्या वेळानं हार्म म्हणाले, ‘‘ट्राइन असती तर आज समोरच्या फुटपाथवर उभी राहिली असती. माझ्या निषेधाचा निषेध करायला.’’

‘‘कारण?’’

‘‘वेगळं असतं काहीतरी.’’ ते ताटाकडं बघत राहिले. गिरीशरावांनी काही विचारलं नाही. भूल देणाऱ्या माणसाला कधी गप्प बसायचं ते कळतं.

पुढच्या मे महिन्यात वार्षिक सभा झाली. हार्मनी स्वतःवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि पाऊण तास त्याच्या बाजूनं बोलले. एकशे अठरा विरुद्ध एक मतानं तो फेटाळला गेला. म्हणजे आयुष्यातला दोनशे चौदावा पराभव, आणि त्यामुळं ते अध्यक्ष राहणार, अशी विचित्र परिस्थिती आली. हार्म अक्षरशः रडकुंडीला आले. तेव्हा रश्मीनं तोडगा काढला. तिनं घटनादुरुस्ती सुचवली, की कार्यकारिणीत अध्यक्ष, कार्यवाह यांच्याबरोबर ‘विरोधक’ असं एक पद असावं, आणि विरोधकानं प्रत्येक ठरावाला निदान एक तरी सयुक्तिक हरकत घेणं बंधनकारक असावं. गिरीशरावांनी अनुमोदन दिलं, दुरुस्ती मंजूर झाली आणि अध्यक्षपद मोकळं झालं. दोघांनी वर्ष वाटून घेतलं होतं, सहा महिने ती अध्यक्ष, सहा महिने ते. सण कुठल्या दिवशी करायचा हे त्या-त्या वेळी भांडून ठरवायचं होतं.

विरोधकपदासाठी एकच नाव आलं. सतीशनी हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले, एक सोडून.

‘‘विरोधात?’’

हार्मनी हात वर केला. ‘‘माझी हरकत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘एकच उमेदवार असलेली निवडणूक ही निवडणूक नव्हे.’’

‘‘नोंद घेतली,’’ सतीश म्हणाले. ‘‘आपण निवडून आलात.’’

या वेळी त्यांनी तेच जुनं भाषण केलं, आणि ते शब्दशः लागू पडलं.

आता ते दर बैठकीला टेबलाच्या त्या टोकाला बसतात. दिव्यांच्या माळा, वडापावातली चटणी, बालनाट्याची लांबी, कशावरही त्यांची हरकत असते, आणि ती इतकी व्यवस्थित मांडलेली असते की चारात एखादी मान्यही होते. मान्य झाली की ते घरी जाऊन अस्वस्थ होतात, मग सुप्रभाताईंना फोन करतात.

परवा बेसिंगस्टोकहून एक फोन आला. तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा, अक्षरा म्हणून कुणी बाई. ‘‘आमच्याकडे सगळं एकमतानं चालतं हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुणी भांडत नाही. बैठकीला माणूस येत नाही. तुम्ही महिन्यातून एकदा येऊ शकाल का? आम्ही स्टेशनवर घ्यायला येऊ.’’

हार्मनी कॅलेंडर पाहिलं. मग विचारलं, बैठक कुठल्या वारी असते.

‘‘तुम्ही म्हणाल त्या वारी,’’ अक्षरा म्हणाल्या.

‘‘ही पहिली चूक,’’ हार्म म्हणाले, आणि पेन शोधू लागले.